गारगोटीचे वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटावे, या प्रश्नात पुरुषाने तोंड घालू नये, हा संकेत मला ठाऊक होता. तरीही मी तोंड घातले, आणि त्याला कारण झाली एक चहाची गाळणी.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि प्रत्येक घरून काहीतरी उपयोगी वस्तू वाटली जाते. वस्तू उपयोगी असल्या तरी उपयोगाला मर्यादा असते. गेल्या वर्षी आमच्या घरात इतक्या गाळण्या जमल्या की सगळ्या एकदम वापरायच्या तर चहाचे दुकानच उघडावे लागले असते. त्यांतली एक मी ओळखली. तिची वाकडी दांडी पूर्वी मीच पक्कडीने सरळ केली होती. ती आमच्याच घरून वाण म्हणून गेली होती आणि किती घरे फिरून परत आली होती कोणास ठाऊक. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन व्हॉल्व्हच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीवर निवृत्त झालेल्या माणसाला ही गोष्ट अस्वस्थ करणारी होती.

यंदा प्रश्न अधिक गंभीर होता, कारण माझी पत्नी उज्वला महिला मंडळाची अध्यक्ष निवडून आली होती. रथसप्तमीचे शेवटचे हळदीकुंकू अध्यक्षांच्या घरी होते आणि त्या दिवशीच्या वाणावर पुढे वर्षभर चर्चा चालते. मावळत्या अध्यक्ष म्हणजे बी विंगमधली तेजश्री. तिने गेल्या वर्षी स्टीलचे डबे दिले होते, आणि तेही प्रत्येकीचे नाव कोरून. आमच्या डब्यावर "उज्वला निकम" अशी अक्षरे आहेत आणि उज्वला तो डबा नाव भिंतीकडे करून ठेवते.

"तिच्या तोडीचं काहीतरी हवं," उज्वला म्हणाली. "आणि बाजारात मिळणारं नको."

"मी करून देतो," मी म्हणालो.

"काय?"

"वाण."

माझी कल्पना साधी होती. नदी हजारो वर्षे दगड एकमेकांवर घासते आणि त्यांचे गुळगुळीत गोटे करते. तेच काम एक बंद पिंप महिनाभरात करू शकते. पिंपात दगड, पाणी आणि घासणारी भुकटी घालायची आणि ते आडवे ठेवून संथपणे फिरवत राहायचे. पहिल्या आठवड्यात जाडी भुकटी, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात बारीक आणि शेवटी पॉलिशची पांढरी पावडर. परदेशात निवृत्त लोकांचा हा आवडता छंद आहे आणि त्यासाठी तयार यंत्रे मिळतात. दगडांची तर आपल्याकडे वाण नाही. डोंगराच्या पायथ्याशी बंद पडलेल्या खाणींत दुधी, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांच्या गारगोट्या पडून असतात. प्रत्येक सुवासिनीला चकाकणारी, जगात दुसरी तशी नसलेली एक गारगोटी द्यायची. ती कोणीही कोणाला परत देऊ शकणार नाही.

त्या सुमारास माझी थोरली बहीण शकुआक्का दाजींना गावी ठेवून साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती. तिने कल्पना शांतपणे ऐकून घेतली.

"मान्या," ती म्हणाली, "सुवाशिनीच्या वटीत दगूड घालणार व्हय रं तू?"

मी सत्तरीकडे झुकलो आहे. सोसायटीत मला निकमसाहेब म्हणतात. आक्का मात्र मला मान्या म्हणते, आणि त्यासाठी दार उघडे असतानाची वेळ निवडते.

"दगड नव्हे आक्का, गारगोटी."

"गारगोटी काय झाडाला लागती?"

उज्वलाने मध्यम मार्ग काढला. गारगोट्या चालतील, पण एकीलाही त्यांना दगड म्हणता येणार नाही इतक्या त्या चमकल्या पाहिजेत. ही अट मी मान्य केली. कारखान्यात याहून अवघड अटी मी पाळल्या होत्या आणि त्याही लेखी.

तयार यंत्र विकत घेणे हा मला पदविकेचा अपमान वाटला. जुन्या धुलाई यंत्राची मोटार माळ्यावर होती. तिचा वेग उतरवण्यासाठी पुल्या, पिंप फिरवण्यासाठी दोन रूळ आणि रबराचे अस्तर लावलेले पिंप, असा आराखडा मी काढला आणि रूळ कातून घ्यायला पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो.

"कशाला पायजे?" लेथवाल्या मालकाने विचारले.

"दगड घासायला."

"घासून?"

"गुळगुळीत होतात."

"गुळगुळीत करून?"

"हळदीकुंकवाला द्यायचे आहेत."

त्याने बाकी सगळी कामे बाजूला ठेवून माझे रूळ आधी करून दिले. मी लवकर जावे, एवढाच त्यात हेतू असावा.

यंत्र ड्राय बाल्कनीत बसवले. खालच्या मजल्यावर मकबूल मुकादम राहतात. त्यांचे न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगचे काम आहे. आवाज त्यांच्याच डोक्यावर होणार म्हणून मी त्यांना आधी बोलावून यंत्र दाखवले. आवाजाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. त्यांची अडचण निराळी होती.

"मानसिंगभाई, पहिले हे ठरवा की माल काय आहे. दगड आहे, दागिना आहे, की पूजेचं सामान? माल काय ते ठरलं नाही, तर बंदरातून काडी हलत नाही."

"मकबूलभाई, हा माल बंदरातून जाणार नाही. ड्राय बाल्कनीतून हॉलमध्ये जाणार आहे."

"तरी पण कागदावर मालाचं हेडिंग लागतं," ते म्हणाले आणि खरोखरीच्या काळजीने पिंपाकडे पाहत राहिले.

मार्गशीर्षातल्या एका शुभ दिवशी (दिवस आक्काने काढला होता, दगडांना नसला तरी यंत्राला मुहूर्त लागतो असे तिचे मत होते) मी बटण दाबले. पिंप फिरू लागले. घर्र, खळ्, घर्र, खळ् असा एक संथ, भरीव आवाज सुरू झाला. हे यंत्र अखंड चालावे लागते. घरातल्या आम्हा तिघांना त्या आवाजाची लवकरच सवय झाली. मकबूलभाईंच्या जाहिदाभाभी तर म्हणाल्या की त्याने झोप छान लागते. प्रश्न बाकीच्या सोसायटीचा होता. आवाज ऐकू येत होता, पण कशाचा ते दिसत नव्हते.

दोन दिवस झाले नसतील तोच बी विंगमधल्या एक बाई स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"एक किलो द्या," त्या म्हणाल्या. "फार आंबट नको हं."

मी त्यांना बसवून घेतले आणि काय हवे आहे याची नीट चौकशी केली. त्यांना इडलीचे पीठ हवे होते. निकमांनी घरी मोठा ग्राइंडर बसवला आहे, तो दिवसरात्र चालतो, म्हणजे पीठ ताजेच असणार, अशी बी विंगमध्ये चर्चा होती. मी पिंपाचा व्यास, रुळांमधले अंतर आणि भुकटीचे काठिण्य यांवरून गैरसमज दूर करण्यास आरंभ केला. मी काठिण्यापर्यंत पोहोचलो तोच स्वयंपाकघरातून उज्वलाचा आवाज आला.

"अहो, संपलं म्हणून सांगा ना!"

तिच्या फोडणीत मोहरी तडतडत होती, हे मान्य केले पाहिजे. पण त्या एका शब्दाने घात केला. निकमांचे पीठ दुपारपर्यंत संपते, ही बातमी संध्याकाळच्या आत चारही विंगांत पोहोचली. दुसऱ्या दिवशी लोक सकाळी लवकर येऊ लागले. एकाने आगाऊ नोंदणीची चौकशी केली. तेजश्रीने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, "काका, डोशाचं वेगळं मिळतं का? आणि बी विंगला होम डिलिव्हरी आहे का?" खाली हसरे चेहरे होते. मी त्यावर परिच्छेद पाडून सविस्तर खुलासा लिहिला. तो कोणी वाचला नाही. त्याखाली एकाने विचारले, "मेदूवड्याचं पण मिळेल का?"

यानंतर सोसायटीचे पत्र येणे क्रमप्राप्त होते. सचिव कमळाकर म्हात्रे इथल्याच गावठाणातले, मनाने चांगले, पण कायद्याने चालणारे. पत्रात म्हटले होते की निवासी सदनिकेत पीठ दळण्याचा व्यवसाय विनापरवाना चालू असल्याचे समजते, तरी खुलासा करावा. मी खुलाशात लिहिले की सदर यंत्रात पीठ नसून दगड आहेत. दुसरे पत्र आले, निवासी सदनिकेत दगड फोडण्याचा व्यवसाय चालू असल्याचे आपण स्वतःच मान्य केले आहे. मी लिहिले की दगड फोडले जात नसून घासले जात आहेत आणि यात नफ्याचा हेतू नाही. त्यावर पाहणी समिती नेमण्यात आली.

समिती म्हणजे कमळाकरराव आणि दोन सदस्य. त्या दिवशी मी जाडा टप्पा संपवून पिंप नुकतेच रिकामे केले होते. या कामात दगड झिजून जो राखाडी, दाट राडा तयार होतो, तो मोरीत ओतायचा नसतो. नळीत बसून तो सिमेंटसारखा घट्ट होतो. म्हणून मी तो बादलीत काढून झाकून ठेवला होता. कमळाकररावांनी झाकण उचलले.

"निकमसायेब, यो काय हाय?"

"सांगतो," मी म्हणालो.

"नाचनीचा पीठ दिसतंय," ते सदस्यांना म्हणाले. "मना वाटलाच होता."

"सदर द्रावण," मी सुरुवात केली, "हे झिजलेली गारगोटी आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे मिश्रण असून, ते मानवी सेवनासाठी सर्वथा..."

"अयोग्य" या शब्दापर्यंत मी पोहोचण्याआधीच कमळाकररावांनी बोट बुडवून तोंडात घातले होते. मला वाक्ये पूर्ण करण्याची सवय आहे; तिचा असा तोटा मला पूर्वी कधी जाणवला नव्हता.

कमळाकररावांच्या चेहऱ्यावर प्रथम विचार, मग शंका आणि मग कचकच उमटली. आक्का तांब्या घेऊन धावली. त्यांनी पाच-सहा चुळा भरल्या.

"पीठ नाय," ते अखेर सदस्यांना म्हणाले. "तसा लिवा."

व्यवसायाचा आरोप अशा रीतीने मागे घेण्यात आला. मात्र आवाजाचा मुद्दा शिल्लक होता, आणि ज्या माणसाने नुकतीच आमच्या घरची वाळू चाखली आहे त्याच्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करता येत नव्हती. ठराव झाला की यंत्र फक्त सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास चालवावे. दुपारी ज्येष्ठ नागरिकांची विश्रांती असते. मी स्वतः ज्येष्ठ नागरिक आहे, हे मी निदर्शनास आणून दिले. "मंग तुमी पन झोपा," कमळाकरराव म्हणाले.

मी हिशोब मांडला. या वेगाने गारगोट्या गुढीपाडव्याला तयार झाल्या असत्या.

"रथसप्तमीला हवंय," उज्वला म्हणाली. "मी मंडळात सांगून बसलेय. वाण असं देणार की कुणी पाहिलं नसेल. तेजश्रीसमोर सांगितलंय." आणि मग हळूच, "होईल ना हो?"

ती असे विचारते तेव्हा तिला तांत्रिक उत्तर नको असते. मी "होईल" म्हणालो. मग ड्राय बाल्कनीत एकटाच उभा राहिलो आणि असा निर्णय घेतला, जो माझ्या हाताखालच्या कोणी घेतला असता तर मी त्याला दारातून परत पाठवले असते. मी तिसरा टप्पा गाळला. बारीक भुकटी तशीच ठेवून दिली आणि मध्यम टप्प्यावरून थेट पांढऱ्या पॉलिशवर गेलो.

रथसप्तमीच्या सकाळी मी पिंप उघडले. शेवटचा राडा दुधासारखा पांढरट आणि मऊ निघाला. तो बादलीत काढला आणि गारगोट्या स्वच्छ पाण्याने धुतल्या. मी अतिशयोक्ती करत नाही. त्या लखलखत होत्या. दुधी गारगोट्यांतून उजेड आरपार जात होता आणि तपकिरी पट्टे काल कोणी रंगवल्यासारखे दिसत होते. उज्वला पदराला हात पुसत आली आणि पाहतच राहिली.

"अगंबाई, दागिन्यांसारख्या दिसतायत."

जाहिदाभाभी तिळाच्या वड्या थापायला वर आल्या होत्या, त्यांनीही एक गारगोटी उजेडात धरून "माशाल्ला" म्हटले. मकबूलभाई म्हणाले की आता हेडिंग बदलावे लागेल. आक्का देवघरातली समई, तांब्याचा कलश आणि पितळी तबक घेऊन मोरीकडे गेली. मी गारगोट्या हॉलमध्ये स्वच्छ पंच्यावर पसरल्या, पंखा सुरू केला आणि निश्चिंत मनाने आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा उज्वला पंच्यासमोर खाली बसली होती.

"अहो, ह्या कुणी बदलल्या?"

कोणी काही बदलले नव्हते. गारगोट्या वाळल्या होत्या. अंगावर बारीक ओरखडे असलेला दगड ओला असेतो चमकतो, कारण पाणी ओरखडे भरून काढते. वाळला की उघडा पडतो. ते ओरखडे नेमके तिसऱ्या टप्प्यात जायचे असतात. पंच्यावर आता शेकडो मळकट सुपाऱ्या पसरल्यासारखे दिसत होते. मी उज्वलाला प्रकाशाचे परावर्तन समजावून सांगू लागलो, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून, आयुष्यात बहुधा प्रथमच, वाक्य अर्धवट सोडले.

बायका यायला दोन तास होते. जाहिदाभाभींनी खोबरेल तेल सुचवले. एका गारगोटीला चोळून पाहिले. ती चमकली खरी, पण हातातून सटकून सोफ्याखाली गेली. मकबूलभाई म्हणाले, "पाण्यातच ठेवा. ओला माल म्हणून डिक्लेअर करा." दुसरा उपाय नव्हता. मोठ्या परातीत पाणी भरले, गारगोट्या सोडल्या, वर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. परात पुन्हा लखलखू लागली. उज्वलाने पैठणी नेसली, पण पदर खोचताना तिची नजर पुन्हापुन्हा परातीकडे जात होती.

कार्यक्रम सुरू झाला. हळदीकुंकू, तीळगूळ, आणि मग उज्वला परातीतून एकेक गारगोटी काढून हातावर ठेवू लागली. "अय्या," "किती गोड," "खरीच आहे का?" असे उद्गार ऐकू येऊ लागले. मी आतल्या खोलीत दाराआड उभा होतो. या समारंभात पुरुषांची जागा तीच असते. तेजश्रीने गारगोटी तळहातावर घेतली आणि नेमकी पंख्याखालच्या खुर्चीत बसली.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"उज्वलाकाकू, ऐका ना. माझा विझला."

"काय विझला?"

"दगड."

तो शब्द हॉलमध्ये पडला आणि मग एकेकीने तळहात उघडला. "माझापण." "अगं, माझा अर्धाच राहिलाय." "हा मघाचाच आहे ना?" एकीने फुंकर मारून पाहिली, त्याने तो अधिकच वाळला. कोणी हसले नाही, आणि तेच वाईट होते. उज्वला ओल्या हातात पुढची गारगोटी धरून उभी होती, आणि ती घेण्यासाठी समोर हात आला नाही. मी दाराआडून बाहेर येऊन सगळा दोष माझा आहे, तिसरा टप्पा मी गाळला, असे सांगायचे ठरवले. वाक्य जुळवत होतो.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाईंनी विचारले, "उज्वलाताई, समई नवीन घेतलीत?"

"नवी कुटली," आक्का म्हणाली. "तिच्या सासूची हाय. माझ्या आईची."

सगळ्या माना तिकडे वळल्या. समई सोन्यासारखी तेजाळली होती. शेजारी कलश, तबक आणि पंचपात्र. दारात उभे राहून त्यांच्यात तोंड पाहून घ्यावे असे.

"कशाने घासलीत हो आक्का? चिंचेने?"

"कशाची चिंच! ह्या मान्याच्या बादलीतला पांढरा राडा हाय की. म्हनलं टाकूनच देनार हाय. जरा बोट फिरवलं न्हाई तोवर काळं निघतंय."

तेजश्री खुर्चीतून उठली. तिने समईवरून बोट फिरवले, ते पाहिले आणि मग परातीकडे पाठ करून उज्वलाला म्हणाली, "काकू, मला थोडा मिळेल? आमच्या सासूबाईंची तांब्याची घागर इतकी काळी पडलीय ना."

"मलापण."

"आमच्या देव्हाऱ्याला तर हवाच."

मी एक पाऊल पुढे झालो. "त्यात अपघर्षक पदार्थ असल्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी त्याचा वापर..."

"मान्या, बादली आन," आक्का म्हणाली.

मी बादली आणली. मसाला दुधासाठी आणलेल्या कागदी पेल्यांत उज्वलाने डावाने राडा वाढला आणि वर हळदीकुंकवाची बोटे लावली. जाहिदाभाभी पेले पुढे करत होत्या. रांग दारापर्यंत गेली. कोणीतरी दूध कशात देणार असे विचारले, तर दुधाचे नंतर बघू, असे तिला सांगण्यात आले. तेजश्रीने दोन पेले नेले आणि जाताना म्हणाली, "काकू, यंदा तुम्ही जिंकलात हां." उज्वला नुसती हसली. ते हसू मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. स्टीलच्या डब्यासकट सगळे त्यात फिटले होते.

जाताना बहुतेकींनी आपापली गारगोटी परातीत परत सोडली. हरवू नये म्हणून, असे एकीने मला सौजन्याने सांगितले.

सगळ्या गेल्यावर मी परातीशी बसलो. पाण्यात गारगोट्या अजून लखलखत होत्या. उज्वला शेजारी येऊन बसली, पैठणीच्या काठावर सांडलेला राडा नखाने खरवडू लागली आणि म्हणाली,

"अहो, पुढच्या वर्षी दगड न घालता नुसताच राडा करता येईल का?"

तांत्रिकदृष्ट्या याचे उत्तर होकारार्थी होते. पांढरी पावडर, पाणी आणि एक चमचा. यंत्राची आवश्यकता नव्हती, पिंपाची नव्हती, रुळांची नव्हती, आणि काटेकोरपणे पाहता माझीही नव्हती. खोटे विधान करण्याची मला सवय नाही. मी पुरेसा विचार केला.

"नाही," मी म्हणालो. "दगड घालावेच लागतात. आणि महिनाभर फिरवावे लागतात."